बाळंतपणाच्या रजेतला घरखर्च: काटकसर, जोडधंदा की कर्ज?

बाई रजेवर घरी आली की महिन्याभरात कुणीतरी म्हणतंच, "सहा महिने घरीच आहेस, तर एखादं काम सुरू कर की." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण कोणतं काम, हा प्रश्न तिसरा. त्याआधी रजेत तुमच्या खात्यात नेमकं किती येणार आणि त्या काळात दुसरीकडून कमावलेलं चालतं का, हे दोन प्रश्न सुटायला हवेत. वाळूजच्या कंपनीतली ऑपरेटर, जिल्हा परिषदेची शिक्षिका आणि तालुक्याच्या गावी दुकानात बसणारी मुलगी या तिघींची उत्तरं पार वेगळी निघतात.

पगारातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी) कापली जात असेल, म्हणजे पगार दरमहा 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे सरासरी रोजंदारीइतकी पूर्ण रक्कम ईएसआयसीकडून मिळते. त्यासाठी आधीच्या दोन अंशदान कालावधींत (एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च) मिळून 70 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. ही रक्कम पगारासारखी दर एक तारखेला येईलच, असं धरून चालू नका. दावा, दाखले, खात्याचा तपशील यातलं काही अडलं की पैसे अडतात. निदान दीड महिन्याचा किराणा आणि हप्ते आधीच बाजूला काढून ठेवलेले बरे.

ईएसआयसीच्या मर्यादेवर पगार असेल तर पैसे कंपनीने द्यायचे. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे झाले, आणि आता त्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेवढेच आहेत. त्यातले जास्तीत जास्त 8 बाळंतपणाआधी घेता येतात. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असावं लागतं. बाळंतपणाआधीच्या दिवसांचे पैसे आगाऊ द्यायचे असतात आणि उरलेले बाळंत झाल्याचा दाखला दिल्यापासून 48 तासांत. हे फारसं कुणी मागत नाही, म्हणून मिळत नाही. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. राज्य सरकारी नोकरीत 180 दिवसांची भरपगारी रजा आहे.

आता कमाईची परवानगी. ईएसआयसीचा लाभ मोबदल्याचं काम न केलेल्या दिवसांपुरताच असतो. कंपनीकडून मिळणाऱ्या लाभाबाबतही नियम असा की मंजूर रजेत दुसऱ्या आस्थापनेत काम केलं तर त्या काळाचा हक्क जातो. सरकारी कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय धंदा किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. शिक्षिकेला तर शिकवणीच घेता येत नाही, कारण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 ने शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई केली आहे. दोन हजारांच्या शिकवणीपायी चाळीस हजारांचा पगार धोक्यात घालण्यात कसला आलाय शहाणपणा?

म्हणून आमचं मत सरळ आहे. भरपगारी रजेवर असाल तर रजेत कमवायच्या मागे लागू नका, खर्च आवरा. जोडधंद्याचा विचार कुणी करावा, तर जिला पगारी रजाच नाही तिने, जिने रजा बिनपगारी वाढवली आहे तिने (तिथेही नेमणूकपत्रातल्या अटी वाचून), किंवा जी आधीपासून स्वतःचंच काम करते तिने.

जिला कुठूनच रजेचा पगार नाही तिने आधी अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे प्रधानमंत्री मातृवंदना योजनेची चौकशी करावी. पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत 3,000 आणि 2,000 रुपये, दुसरी मुलगी झाली तर एकरकमी 6,000. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत, ई-श्रम कार्ड, असा एखादा निकष बसावा लागतो. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल आणि मुलगी झाली तर लेक लाडकी योजनेत जन्मानंतर 5,000 रुपये आहेत, पुढचे हप्ते पहिली, सहावी, अकरावी आणि अठराव्या वर्षी. हे पैसे बहुतेक वेळा एकाच गोष्टीने अडकतात: आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. सातव्या महिन्याच्या आत दोन्हीकडे एकच नाव करून घ्या, आणि खातं आधारशी जोडलेलं आहे ना, ते बँकेत जाऊन बघा.

काटकसर: कुठे पैसा खरंच वाचतो

किराण्यातून तेल-साखर कमी करून फारसं काही हाती लागत नाही. मोठा पैसा तीन ठिकाणी जातो.

पहिलं ठिकाण म्हणजे बाळंतपण. सरकारी दवाखान्यात, मग तो तालुक्याचा असो, ग्रामीण रुग्णालय असो की संभाजीनगरची घाटी, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण मोफत आहे. सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण सगळं त्यात आलं. ने-आण करायला 102 ची गाडी. बाळ आजारी पडलं तर वर्षभर त्याचे उपचारही त्यात येतात. खासगीत मिळणारी वेगळी खोली आणि एकच डॉक्टर इथे मिळेलच असं नाही. मनात काही शंका असेल तर सहाव्या महिन्यातच तिथे जाऊन या, कळा सुरू झाल्यावर धावाधाव नको.

दुसरं लसीकरण. बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला या लसी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि अंगणवाडीतल्या लसीकरणाच्या दिवशी फुकट मिळतात. खासगीत यातल्याच लसींना एका खेपेत काही हजार लागतात. काही जास्तीच्या लसी सरकारी यादीत नाहीत. त्यातल्या कोणत्या घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारून ठरवा, पण अख्खं वेळापत्रक खासगीत करण्याचं कारण नाही.

तिसरं लंगोट की डायपर. दिवसाला सहा डायपर, एक 10 रुपयांना धरला तर महिन्याचे 1,800 झाले. फक्त रात्री दोन डायपर आणि दिवसा सुती लंगोट ठेवले तर 600. वाचले 1,200. जुन्या मऊ धोतराचे किंवा सुती साडीचे पंचवीसेक लंगोट लागतात. पण हा हिशेब मराठवाड्यात पाण्यावर येऊन अडतो. एप्रिल-मे महिन्यात जिथे टँकर आठवड्यातून एकदा येतो, तिथे रोज दोन-तीन बादल्या लंगोटांना देणं परवडत नाही. उन्हाळ्यात लंगोट तासाभरात वाळतात पण पाणी नसतं, श्रावणात पाणी असतं पण लंगोट दोन-दोन दिवस ओलसर राहतात आणि बाळाला पुरळ येतं. ज्या महिन्यात जी अडचण असेल त्या महिन्यात डायपर वाढवावेत, नाहीतर लंगोट.

जोडधंदा: अर्ध्यात सोडून उठता येतं का?

घरबसल्या कामांची तुलना करताना बहुतेकजणी मिळकत बघतात. तान्हं बाळ असलेल्या घरात आधी दुसरीच गोष्ट बघावी लागते. बाळ रडलं तर काम आहे तसं टाकून अर्धा तास उठता येतं का? आणि उठल्यावर माल खराब होतो का?

याच कसोटीवर कुरडई आणि येसर (आमटीला लावायचं भाजक्या धान्याचं मसालेदार पीठ) समोरासमोर ठेवा. कुरडईला चांगला भाव मिळतो आणि गिऱ्हाईक घरी चालून येतं. पण गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे वरचं पाणी ओतून शिजवायचा. चीक आधणात पडला की हात थांबवून चालत नाही, थांबला की गाठी. शिजला की गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा, गार झाला तर धार तुटते. तेवढ्यात बाळ उठलं तर चार किलो गव्हाचा चीक वाया. घरात सासूबाई, जाऊ, कुणीतरी दुसरे दोन हात असतील तरच कुरडईच्या वाटेला जा.

येसर उलट आहे. गहू, ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद डाळ वेगवेगळी भाजायची, कारण डाळ लवकर तांबूस होते आणि बाजरी मागे राहते. एकत्र भाजलं की एक जळकं, एक कच्चं. आज दोन धान्यं, उद्या धने-जिरं-मिरे, परवा गिरण. गॅस बंद करून केव्हाही उठा, काही बिघडत नाही. विकायच्या येसरात खोबरं घालू नका, उन्हाळ्यात त्याला खवट वास लवकर येतो. तेवढं पाळलं तर कोरड्या डब्यात दोन-तीन महिने छान टिकतं. बिघडतं ते दोन जागी. गिरणीत आधी मिरची दळलेली असते आणि पहिला पावशेर माल तिखटजाळ निघतो, म्हणून आधी मूठभर ज्वारी दळून जातं साफ करून घ्यावं. दुसरं, गिरणीतून आलेलं पीठ गरम असतानाच पाकिटात भरलं की आत वाफ धरते आणि आठवड्यात गुठळ्या होतात. पेपरवर पसरून पूर्ण गार करून मगच भरा. हिशेबाला धरू: 1 किलोला सामान 170, गिरण आणि गॅस 30, पाकीट-लेबल 20, विक्री 400. किलोमागे 180 हातात, महिन्याला 10 किलो गेलं तर 1,800. आपल्या गावचे भाव घालून हा हिशेब पुन्हा मांडा. पदार्थ विकायला एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. लहान घरगुती कामाला मोठा परवाना लागत नाही. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, पत्ता आणि नोंदणी क्रमांक टाका.

फॉल-पिकोलाही मध्येच उठता येतं आणि भांडवल जवळजवळ लागत नाही. साडीचे 80 रुपये मिळाले, त्यात फॉल 20, रीळ 2-3, पिको बाहेरून करून घेतला तर 20. उरतात 37-38. रोज दोन साड्या, महिन्यात पंचवीस दिवस, म्हणजे साधारण 1,850. फॉल लावण्याआधी पाण्यात बुडवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरा फॉल तसाच लावला तर पहिल्या धुण्यात तो आकसतो, साडीचा काठ चुरगळून वर येतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. टाका साडीचा एकच धागा उचलून घ्यायचा, सुलट बाजूला दिसता कामा नये. पायाची मशीन मात्र सिझेरियननंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. फॉल हाताने होतो, म्हणून तो या काळाला बरा. सहा महिन्यांसाठी पिकोची मशीन विकत घेऊ नये, तिचा पैसा तेवढ्यात फिटत नाही.

जी शाळेत शिक्षिका नाही तिच्यासाठी शिकवणीत सामानाचा खर्च नाही. सहा मुलं, 400 रुपये प्रमाणे 2,400. पण संध्याकाळी पाच ते साडेसहा ही वेळ ठरलेली असते आणि बाळाला ते माहीत नसतं. शिवाय सहा घरांतला सर्दी-खोकला रोज उंबऱ्यात येतो. पहिले तीन महिने तरी टाळावी.

साड्या, ड्रेस मटेरियल आणून व्हॉट्सॲपवर विकणं दिसायला सगळ्यात सोपं, आणि पैसे सगळ्यात जास्त अडकतात तेही इथेच. आपल्याकडे उधारी सुगीवर फिटते. सोयाबीनचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कापसाचा त्याहून पुढे. जूनमध्ये दिलेल्या साडीचे पैसे दिवाळीला येतात, आणि तुमचा तुटवडा जुलैचा आहे. न विकलेला माल परत घेणारा व्यापारी असेल आणि रोखीनेच द्यायची तयारी असेल, तरच यात पडा.

मोबाइलवर "घरबसल्या टायपिंग, महिना 25,000" असं येतं, त्यात आधी नोंदणीचे पैसे मागितले की तिथेच थांबा. खरं काम देणारा पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.

तरीही कमी पडलं तर

धरा, सहा महिन्यांसाठी 30,000 लागले. बँकेत दागिना ठेवून वर्षाला 10 टक्क्यांनी घेतले तर व्याज 1,500. बचत गटातून शेकडा दोनने घेतले आणि मुद्दल शेवटी फेडली तर 3,600. गावात कुणाकडून व्याजाने, शेकडा पाचने घेतले तर 9,000. तोंडी बोलताना "दोन" आणि "पाच" लहान वाटतात, कारण ते महिन्याचे असतात. बँकेचा दहाचा आकडा वर्षाचा असतो. मुदत ठेव असेल तर ती मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो आणि व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त पडतं.

गटातून घेतलं तर दर महिन्याला थोडी मुद्दलही फेडा, कारण व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं: महिना 5,000 फेडत गेलं तर तेच 3,600 रुपये 2,100 वर येतात. आणि दागिना ठेवायचा तर पावतीवरची मुदत रजा संपल्यानंतर दोन महिने पुढची घ्या. पहिला पूर्ण पगार हातात यायच्या आधीच सोडवायची तारीख आली, तर नूतनीकरणाला पुन्हा बँकेत खेपा घालाव्या लागतात, तेही कडेवर बाळ घेऊन.