दिवाणखान्याला सांगानेरी की बगरू?

खारघरच्या नव्या फ्लॅटसाठी पडदे आणि दिवाणाची चादर घ्यायचीय, आणि वहिनींचा जीव सांगानेरी आणि बगरूत अडकलाय. दोन्ही ठसेछपाई जयपूरजवळचीच, पण स्वभाव वेगळे.

सांगानेरीत पांढऱ्या किंवा फिकट कापडावर नाजूक फुलं, बुट्ट्या. आधी रेषेचा ठसा, मग रंग भरायचा वेगळा. छोटी खोली मोकळी वाटते. मात्र चहाचा एक डाग पडला की संपलं.

बगरूच्या दाबूत, म्हणजे लेपाने रंग अडवायच्या पद्धतीत, चिखल, चुना, डिंकाचा लेप ठशाने उमटवतात, वर लाकडाचा भुसा भुरभुरतात, वाळल्यावर कापड निळीत बुडवतात. लेप होता तिथे नक्षी फिकी राहते. लेपाला तडा गेला तर त्यातून निळीची बारीक रेघ उतरते. मला तर तीच आवडते. एवढ्या खटाटोपामुळे किंमत साधारण चढीच. निळीचं कापड सुरुवातीला वेगळं धुवा, नाहीतर बनियनही निळे! मळखाऊ मात्र पक्कं.

उन्हाने दोन्ही विटतात, पण गडद निळ्यावरचा विटका पट्टा लगेच डोळ्यांत भरतो. पावसाळ्यात दोन्हींना पंख्याखालीच वाळवायचं, तिथे डावं-उजवं नाही. अस्सल ओळखायचं तर ठशांचे सांधे बघा, कुठेतरी केसभर हुकलेले दिसतात.

हॉल पश्चिमेला, म्हणून पडदे सांगानेरी, आतून अस्तर लावून. पोरं लोळतात त्या दिवाणावर बगरू. एकच घ्यायचं आणि घरात लहान मूल असेल, तर बगरूच.