सेटिंग तपासायला पायडँटिक: आठ महिन्यांनंतर

आधी आमच्याकडे प्रोग्रॅमची सेटिंग तपासायला 'इफ' अटींची लांबलचक रांग होती. पहिली चूक सापडली की प्रोग्रॅम बंद. ती दुरुस्त करा, पुन्हा चालवा, मग दुसरी दिसणार. आठ महिन्यांपूर्वी ती रांग काढून पायडँटिकची, म्हणजे डेटा तपासणाऱ्या पायथन लायब्ररीची, दुसरी आवृत्ती घेतली.

खरं सांगायचं तर भुललो वेगाला. २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीचा गाभा रस्ट या वेगवान भाषेत लिहिलेला आहे. पण सेटिंग तपासायची असतात सुरुवातीला, एकदाच. तिथे वाचलेल्या मिलिसेकंदांचं काय लोणचं घालायचं?

खरा फायदा निराळाच निघाला. सगळ्या चुका एकदम हाती येतात, आणि प्रत्येकीसोबत 'सर्व्हर, मग पोर्ट' असा पूर्ण माग. आता रात्री डिप्लॉय करणारा, म्हणजे प्रोग्रॅम सर्व्हरवर चढवणारा, मला उठवत नाही.

ठेचाही लागल्या. साध्या मॉडेलला (सेटिंगची नावं आणि टाइप मांडणाऱ्या क्लासला) अनोळखी नाव दिलं तर ते गुपचूप सोडून दिलं जातं. कुणीतरी 'टाइमआउट'चं स्पेलिंग चुकवलं, डीफॉल्ट लागू झालं आणि दोन दिवस आम्ही नेटवर्कला शिव्या घालत होतो. 'एक्स्ट्रा'ला 'फॉरबिड' करणं, म्हणजे अनोळखी नावं नाकारणं, ही पहिलीच ओळ हवी, हे तेव्हा कळलं. सेटिंगसाठीच्या वेगळ्या पॅकेजमध्ये ते आधीपासूनच तसं असतं. आम्ही मात्र यॅमल (सेटिंग लिहायची साधी मजकूर फाइल) वाचून साध्या मॉडेलला देत होतो.

दुसरी ठेच जास्त बोचली. टाइमआउटचा टाइप टाइमडेल्टा, म्हणजे पायथनमधला कालावधीचा टाइप, होता. जुन्या सवयीने मिलिसेकंद समजून ५००० लिहिले. पायडँटिक नुसत्या आकड्याला सेकंद मानतं, म्हणजे झाली ८३ मिनिटं! टाइप बरोबर, अर्थ चूक, तक्रार शून्य. तेव्हापासून प्रत्येक कालावधीला कमाल मर्यादा आणि नावातच एकक.

आणि लॉग जपा. चूक सांगणाऱ्या संदेशात आपण दिलेली मूळ किंमतही (व्हॅल्यू) छापली जाते. डेटाबेसच्या पत्त्यात पोर्ट चुकला आणि तो पत्ता पासवर्डसकट लॉगमध्ये जाऊन बसला. मूळ किंमत लपवायची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगमधून, सगळं मजकूर म्हणून येतं, तिथे 'ऑन', 'येस' यांना खरं मानणारी ढिलाई सोयीचीच. यॅमलला मात्र मी स्ट्रिक्ट, म्हणजे टाइप तंतोतंत मागणारी पद्धत, लावतो.

होस्ट उत्तर देतो का, हे व्हॅलिडेटरमध्ये (किंमत तपासणाऱ्या आपल्या फंक्शनमध्ये) तपासायचा मोह मलाही झाला होता. आठवड्यातच काढून टाकलं. साधी टेस्टसुद्धा नेटवर्कची वाट बघत बसायला लागली होती.