बोलेरोला मोठे टायर टाकले, मीटरचं काय झालं ते सांगतो

दिवाळीच्या आधी बोलेरोचे २१५/७५ आर १५ साईजचे टायर काढून २३५/७५ आर १५ टाकले, आता पावसाळा लागला, कापसाच्या खेपा, लग्नसराई सगळं झालं म्हणून लिहून राहिलो. आमच्याकडची काळी माती ओली झाली का पांदण रस्त्यात गाडी पोटावर बसते, तिथं १५ मिमी उंची वाढली तर फरक पडतेच. स्टेअरिंग जरा जड, पिकअप थोडा मंद, चालते.

पण सारे उंचीचंच विचारतात, मीटरचं कोणीच नाही. मीटर चाकाचे फेरे मोजते भाऊ, रस्ता नाही. जुन्या टायरचा व्यास ७०३.५ मिमी, नव्याचा ७३३.५, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात गाडी सव्वाचार टक्के जास्त पुढं जाते अन् मीटरला पत्ताच नाही. हिशोबानं काटा ८० वर तर गाडी ८३ च्या वर पाहिजे. मोबाईलवर जीपीएस लावून पाहिलं तर दोन्ही जवळपास सारखेच! कारण कंपनीच काटा मुद्दाम थोडा जास्त दाखवणारा ठेवते, त्यातच हा फरक जिरला. पण म्हणून निर्धास्त राहू नका, समृद्धीवर जाताना जीपीएस पाहूनच चालवा.

खरा घोळ ओडोमीटरचा, म्हणजे किलोमीटर मोजणाऱ्या मीटरचा. त्यात कंपनी असं वाढवून ठेवत नाही, तो आधी बरोबर होता अन् आता कमी मोजते. हिंगणघाट-पांढरकवडा रोडनं किलोमीटरच्या दगडांवर ताडून पाहिलं, मीटरचे १०० म्हणजे खरे १०४. आता ४० लिटरात मीटर ५०० दाखवते तर लोक म्हणतात ॲव्हरेज साडेबारावर आला, टायरनं डिझेल खाल्लं. अरे, गाडी ५२१ धावली ना, ॲव्हरेज १३ आहे! किलोमीटरवर भाडं घेणाऱ्यांचं तर सरळ नुकसान, शंभरामागं चार किलोमीटर फुकट. सर्व्हिसही १०,००० ची असली तर मीटरवर ९,६०० लाच करून घ्या.

टायर झिजला का फरक कमी होते, ६ मिमी नक्षी गेली का अडीच टक्क्यांवर येते.

अन् स्टेपनी जुन्याच साईजची ठेवली असेल तर ती मागच्या चाकाला लावून लांब जाऊ नका, दोन्ही बाजूचे फेरे वेगळे पडतात अन् डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरवर, सारखा ताण येते. पंक्चर मागचं असलं तर पुढचं चाक मागं घ्या, स्टेपनी पुढं लावा.