भुलीच्या डॉक्टरांची ओपीडी (पीएसी), 4 स्टार

बाबांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन इथे झालं. पण मी लिहितोय ते त्याआधीच्या पीएसी ओपीडीबद्दल, म्हणजे जिथे भुलीचे डॉक्टर तपासून फिटनेस देतात, कारण आमचा सगळा जीव तिथेच अडकला होता.

बाबांना 14 महिन्यांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळी) टाकलाय, रक्त पातळ करायची कॅप्सूल रोज चालू. घराजवळच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की दहा दिवस आधी सगळं बंद करा, नाहीतर टेबलावर रक्त थांबणार नाही, आणि आम्ही घाबरून दोन दिवस बंद ठेवलीसुद्धा. आई रात्रभर जागी, म्हणे कॅन्सर काढायला जायचं आणि हार्टचंच काहीतरी व्हायचं.

इथल्या मॅडमनी आधी कॅप्सूलचं पाकीटच मागितलं. त्यात तीन औषधं निघाली, रक्त पातळ करणारी दोन म्हणजे अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, आणि एक कोलेस्टेरॉलचं, आम्हाला पत्ताच नाही! म्हणजे कॅप्सूल बंद केली की तिन्ही बंद. त्यांनी समोरच बाबांच्या हार्टच्या डॉक्टरांना आणि सर्जनना फोन लावला आणि म्हणाल्या, "काका, अ‍ॅस्पिरिन सोडायची नाही, आजपासून परत सुरू." मग एकोस्प्रिन 75 (म्हणजे अ‍ॅस्पिरिनच) आणि कोलेस्टेरॉलची गोळी वेगवेगळी लिहून दिली, ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा घोटभर पाण्याबरोबर. फक्त क्लोपिडोग्रेल 5 दिवस आधी बंद, सोमवारचं ऑपरेशन म्हणून शेवटची गोळी मंगळवारी.

मी विचारलं रक्त जास्त जाणार नाही का, तर न चिडता समजावलं. रक्तस्राव थोडा वाढतो हे खरं, पण तो सर्जनना दिसतो आणि आवरता येतो, स्टेंटमधे गुठळी झाली तर जिवावर बेततं, त्यात कॅन्सर आणि ऑपरेशन दोन्हींमुळे रक्त गोठायची प्रवृत्ती वाढलेली असते. हे सगळ्यांना लागू नाही हेही सांगितलं. 2014 मधे पॉइज-2 नावाचा 10,010 पेशंटचा अभ्यास आला, त्यात ऑपरेशनच्या वेळी अ‍ॅस्पिरिन देऊन हार्ट अटॅक कमी झाले नाहीत, उलट रक्तस्राव वाढला, पण नुकताच स्टेंट टाकलेले पेशंट त्यात घेतलेच नव्हते. म्हणून स्टेंट नसेल तर गोळी बऱ्याचदा बंद करतात. आमच्या आधी एक काकू होत्या, हृदयात मेटलचा व्हॉल्व्ह, त्यांना वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी 5 दिवस आधी बंद आणि मधल्या दिवसांत रक्त गोठू न देणारी हेपॅरिनची इंजेक्शनं. शेजारच्याची चिठ्ठी बघून आपल्या गोळ्या ठरवू नका प्लीज.

ऑपरेशन चार तास चाललं. हिमोग्लोबिन 11.4 चं 9.9 झालं, रक्त चढवावं लागलं नाही. क्लोपिडोग्रेल चौथ्या दिवशी सर्जननी हो म्हटल्यावर सुरू झाली. गुठळी होऊ नये म्हणून पोटात रोज एक इनॉक्सापॅरिन 40 चं इंजेक्शन, एकूण 28 दिवस, घरी गेल्यावर मीच देत होतो. अशा कॅन्सरच्या ऑपरेशननंतर धोका घरी गेल्यावरही काही आठवडे राहतो म्हणे.

एक स्टार का कापला तर टोकन घेऊन अडीच तास बसवलं, आणि गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत, आईला काय कळणार, मी घरी मराठीत मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावली. दुसरं म्हणजे ऑपरेशनच्या पहाटे वॉर्डातल्या सिस्टर एकोस्प्रिन द्यायलाच तयार नाहीत, फाइलवर तोंडाने काही द्यायचं नाही असं होतं. त्यांची चूक म्हणणार नाही पण पीएसीचा निरोप वॉर्डापर्यंत पोचायला नको का? माझ्या मोबाइलमधे चिठ्ठीचा फोटो होता म्हणून ड्यूटी डॉक्टरांना उठवलं आणि सहा वाजता बाबांनी गोळी घेतली.

जाताना गोळ्यांची पाकिटं आणि अँजिओप्लास्टीचा डिस्चार्ज पेपर न्याच, स्टेंट कधी आणि कुठला हे पीएसीतल्या मॅडम पहिल्यांदा विचारतात.