गर्तांग गली: कड्याला बिलगलेली लाकडी वाट

गंगोत्रीला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंच्या गाड्या भैरवघाटीजवळच्या लंका पुलावर क्षणभर थांबतात, खोल घळीतून वाहणारी जाडगंगा पाहून होते आणि मग साऱ्यांनाच दर्शनाची घाई होते. याच पुलाजवळून सुटणाऱ्या पायवाटेने सुमारे दोन किलोमीटर चालत गेले की गर्तांग गली लागते. उत्तरकाशी जिल्ह्यातील नेलांग खोऱ्यात, सुमारे ११,००० फूट उंचीवर, उभ्या कड्याच्या अंगावर बांधलेल्या या लाकडी वाटेसाठी यात्रेतला अर्धा दिवस राखून ठेवावा, अशी माझी निःशंक शिफारस आहे. मात्र आपण काय पाहायला जात आहोत, हे आधी ठाऊक असलेले बरे.

हा दरी ओलांडणारा पूल नव्हे. कड्यावर पाऊल टेकवायलाही जागा नाही अशा ठिकाणी कातळात लोखंडी दांडे रोवून, त्यांवर लाकूड अंथरून ही वाट कड्याच्या कडेकडेने पुढे नेलेली आहे. काही भागात खडकच कोरून काढलेला असल्यामुळे एका अंगाला कातळ, डोक्यावर पुढे झुकलेला कातळ, दुसऱ्या अंगाला कठडा आणि त्यापलीकडे थेट दरी, असा सगळा प्रकार आहे. पेशावरहून आलेल्या पठाणांनी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी ही वाट बांधली, असे त्या भागात सांगितले जाते. तिबेटमधून मीठ आणि लोकर घेऊन येणारे व्यापारी या मार्गाने उत्तरकाशीच्या बाजारापर्यंत येत असत. लादलेली जनावरे आणि माणसे इथून कशी जात असतील, याचा अंदाज मधल्या अरुंद वळणावर उभे राहिल्यावरच येतो. सह्याद्रीतल्या कातळकोरीव पायऱ्या चढण्याची सवय असलेल्यांनाही हा अनुभव वेगळा वाटेल, कारण तिथे पायाखाली निदान डोंगर असतो.

१९६२च्या युद्धानंतर ही वाट बंद झाली. नेलांग आणि जादुंग ही गावे रिकामी करण्यात आली, व्यापार संपला, आणि डागडुजी करायला कोणी न उरल्यामुळे लाकूड कुजत गेले. पुढे सुमारे ६४ लाख रुपये खर्चून तिची पुनर्बांधणी झाली आणि ऑगस्ट २०२१मध्ये ती पर्यटकांसाठी खुली करण्यात आली. आज आपण चालतो तो भाग १३६ मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद आहे. फळ्या, पायऱ्या, कठडे, सगळे नवे आहे. त्यामुळे ‘दीडशे वर्षांपूर्वीचा पूल’ अशी जाहिरात वाचून गेलेल्यांची थोडी निराशा होते, आणि ती मी ऐकलेलीही आहे. मला ही तक्रार पटत नाही. उन्हापावसात आणि बर्फात उभे राहणारे लाकडी बांधकाम दुरुस्तीवरच तगते. रहदारी सुरू असती, तर मूळच्या फळ्या एव्हाना कितीतरी वेळा बदलाव्या लागल्या असत्या. जुनी आहे ती वाटेची आखणी आणि कड्यात कोरलेली जागा, आणि ती पाहायची तर कठड्यावरून दरीत वाकण्याऐवजी आतल्या बाजूच्या खडकाकडे नजर ठेवून सावकाश चालावे. दहातले नऊ जण नेमके उलटे करतात.

वाट खुली झाल्यानंतर काही आठवड्यांतच पर्यटकांनी कठड्यांवर आपली नावे कोरली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. (गडकिल्ल्यांच्या भिंतींवर बदाम कोरणाऱ्यांचे नातेवाईक सर्वत्र असतात, एवढेच म्हणायचे.) खुल्या करतेवेळी घातलेले नियम साधे होते: एका वेळी दहापेक्षा अधिक माणसे नकोत, दोघांमध्ये किमान एक मीटर अंतर असावे, नाचणे-उड्या मारणे नको. लाकडावर एकाच जागी गर्दीचा भार पडू नये, हा त्यामागचा उघड हेतू आहे. तरीही फोटोसाठी घोळका करून उभे राहणारे भेटतातच. सकाळी लवकर गेल्यास हा त्रास बराच टळतो.

चाल अवघड नाही. पायवाट मळलेली आहे, परंतु उंचीमुळे धाप लागते, आणि आदल्याच दिवशी डेहराडूनहून थेट वर आलेल्यांना ती अधिक लागेल. वाटेतल्या हरसिल गावी एक मुक्काम केल्यास शरीर रुळते. ज्यांना उंचीची भीती वाटते, त्यांनी आग्रहाखातर जाऊ नये, कारण मध्येच थबकलेल्या माणसामुळे दोन्ही बाजूंची रांग अडते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी पायऱ्यांचा विचार करावा. हा परिसर गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येत असल्यामुळे नोंद करून, शुल्क भरूनच आत जाता येते, आणि उद्यानाचा हंगाम साधारणतः १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर असा असतो.

या हंगामातले पावसाळ्याचे महिने मात्र मी वगळेन. ओल्या फळ्या निसरड्या होतात, पण त्याहून मोठी चिंता रस्त्याची आहे. ५ ऑगस्ट २०२५ रोजी याच रस्त्यावरील धरालीत आलेल्या पुराने हाहाकार उडाला, आणि अडकलेल्यांमध्ये महाराष्ट्रातील पर्यटकही होते. मे-जूनमध्ये यात्रेची गर्दी असते, म्हणून पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर मला सर्वांत योग्य वाटतो. थंडी असते, पण हवा स्वच्छ असते. परतताना हरसिलजवळच्या बगोरी गावात अवश्य थांबावे. नेलांग-जादुंग सोडून आलेल्या ‘जाड’ नावाच्या समाजाची कुटुंबे तिथे राहतात आणि लोकरीचे विणकाम विकतात. खरेदी करायचीच असेल, तर गंगोत्रीच्या बाजारापेक्षा ती इथे करावी.