कॅटॅलिस्टची पावडर: गनवर मोजायची की लॅबला पाठवायची?

कोल्हापूरजवळ शिरोली किंवा गोकुळ शिरगावात भंगाराचा धंदा असेल आणि सायलेन्सरमधले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (आत सिरॅमिकची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप) साठत असतील, तर आधी एक शॉर्टकट बाद करा: गुजरीतल्या किंवा हुपरीतल्या सराफाच्या कॅरेट मीटरवर पावडर मोजून आणणं. यंत्राचं तत्त्व एक्सआरएफचंच (क्ष-किरण मारून, परत येणाऱ्या किरणांवरून धातू ओळखायचा), पण ते सोन्या-चांदीसाठी, टक्क्यांच्या हिशेबाने लावलेलं असतं. इथे किलोभर सिरॅमिकमध्ये ग्रॅम-दोन ग्रॅम माल शोधायचा असतो, त्यात ऱ्होडियम तर आणखीच कमी.

हातातली एक्सआरएफ गन थेट जाळीवर टेकवली की मिनिटाभरात आकडा येतो. माल वेगळा काढायला ठीक, पण त्यावर भाव ठरवू नका. धातू भिंतींवरच्या पातळ लेपात असतो. त्यात प्लॅटिनमची रेषा (त्याच्या क्ष-किरणांची ठरावीक ऊर्जा) 9.44 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची, म्हणजे फक्त वरवरच्या थरातून येणारी, पॅलेडियमची 21.2 ची, बरीच आतून येणारी. त्यामुळे जाळी उलटी केली तरी आकडा हलतो.

तीच गन पावडरवर चालवा, मग बोलू. अख्खा गाभा फोडायचा, 75 मायक्रॉनखाली दळायचा, वाळवायचा, ढीग करून चार भाग पाडत नमुना काढायचा, कपात नीट दाबून भरायचा. चुकीचा मोठा वाटा इथेच असतो, यंत्रात नाही. मोजणीचा वेळ चौपट केला तर आकड्याची थरथर निम्मी होते. वाईट नमुना मात्र तासभर मोजला तरी वाईटच.

गन घेताना दोन गोष्टी विचारा. क्ष-किरण ट्यूबचा अ‍ॅनोड ऱ्होडियमचा आहे का? असेल तर त्याच्याच रेषा तुमच्या ऱ्होडियममध्ये मिसळतात. आणि जस्ताची वजावट होते का? इंजिन ऑइलमधलं जस्त जाळीवर बसतं आणि त्याची 9.57 ची रेषा प्लॅटिनमला खेटून येते.

लॅबमध्ये नमुना विरघळवून आयसीपीवर (द्रावणातले धातू मोजणारं यंत्र) मोजतात. वेळ आणि पैसे जातात, पण मोठ्या लॉटला पर्याय नाही. फायर अ‍ॅसे (भट्टीत वितळवून मौल्यवान धातू गोळा करायची पद्धत) करणार असतील, तर शिसं वापरतात की निकेल सल्फाइड, हे विचारा. शिशाच्या पद्धतीत ऱ्होडियम हातचं जाऊ शकतं.

महिन्याला चार-पाच कन्व्हर्टर येत असतील तर गनच्या फंदात पडू नका. रोजची खरेदी असेल तर गन घ्या, मात्र पेट्रोल, डिझेल असे आपल्याच मालाचे काही नमुने आयसीपीवर तपासून कॅलिब्रेशनला ठेवा; कंपनीच्या तयार सेटिंगवर विसंबू नका. आणि विकताना नमुन्याच्या तीन पिशव्या करा: एक तुमची, एक घेणाऱ्याची, तिसरी दोघांच्या सहीने सीलबंद.