पैलवानाचा दंड आणि बीपीचं मशीन

मशीन घेतल्याला वर्ष होत आलं, म्हणून लिहितोय. दंडाला पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं, फुगतं, सुटतं, आकडे दाखवतं, तसलं साधं डिजिटल मशीन. सांगलीत सिव्हिलच्या आसपास सर्जिकलची दुकानं आहेत, त्यातल्या एकातनं १,९०० रुपयांना घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझी तक्रार मशीनबद्दल थोडी आणि दुकानदाराबद्दल जास्त आहे, आणि पुढं जे सांगणार ते कुठल्याही कंपनीच्या मशीनला लागू पडतं.

आधी मी कोण ते. वय ३०. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. त्याआधी विसाव्या वर्षापर्यंत गावच्या तालमीत होतो. खांदा निखळला, कुस्ती सुटली, पण यार्डात हमालांपासून शेठपर्यंत सगळे अजून पैलवानच म्हणतात. हे इथं का लिहिलं ते पुढं कळेल.

गेल्या मार्चमध्ये सौदे ऐन भरात असताना छातीत डाव्या अंगाला टोचायला लागलं. तीन दिवस अंगावर काढलं. चौथ्या दिवशी शेतकऱ्यांच्या पट्ट्या (माल विकल्याचे हिशेब) करता करता दरदरून घाम फुटला, तसं दोघा हमालांनी मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते ट्रोपोनिन तपासलं, काही तासांनी परत तपासलं. सगळं नीट. मग डॉक्टर मॅडमनी छातीच्या मधल्या हाडाला बरगडी जिथं जुळते तिथं अंगठ्यानं दाबलं आणि मी ओरडलोच. "हेच दुखतंय ना?" हेच. तिथल्या कूर्चेला, म्हणजे मऊ हाडाला, सूज आली होती. दिवाणजी झालो तरी पोती उचलायची खुमखुमी गेली नव्हती, त्याचा प्रसाद.

पण बीपी निघालं १६८/१०४. तासभर पडून राहिल्यावर परत बघितलं तरी १५८/१००. दुखण्यानं आणि भीतीनंसुद्धा बीपी चढतं, म्हणून मॅडमनी पुढच्या दोन आठवड्यांत तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा वरच. म्हणजे छातीचं दुखणं एकीकडं आणि बीपी दुसरीकडं, दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नव्हती. बीपी दुखत नाही हो. बरगडी टोचली नसती तर मला दहा वर्षं पत्ता लागला नसता. एवढ्या कमी वयात बीपी का, म्हणून किडनीची सोनोग्राफी, लघवी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, थायरॉईड, इको, सगळं झालं. सगळं नॉर्मल. जे सापडलं ते माझ्या खिशातच होतं. खांद्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणून वर्षानुवर्षं खात होतो ती दुखण्याची गोळी. तिच्यानंही बीपी वाढतं. दुसऱ्या खिशात तंबाखूचा मावा. अण्णांचं बीपी तर घराण्यातनंच आलेलं. टेल्मिसार्टन ४० ही बीपीची गोळी रोज सकाळी सुरू झाली, दुखण्याची गोळी बंद झाली, आणि मॅडम म्हणाल्या, घरी मशीन घ्या.

यार्डात ही बातमी कुणी मनावर घेतली नाही. "पैलवानाला कसलं बीपी?" एवढंच.

आता दुकानदार. मी दंड दाखवून विचारलं, पट्टा बसंल ना? मोबाईलवरची मान वर न करता म्हणाला, "सगळ्यांना हाच बसतो, दादा." या पट्ट्याला कफ म्हणतात. मी घरी येऊन कफ दाखवला तर आईला वाटलं खोकल्याचं मशीन आणलंय. बसला म्हणजे कसा बसला, तर वेल्क्रो जेमतेम दोन बोटं चिकटायचं, हवा भरली की कर्रर्र करून उकलायचं. मग मी दुसऱ्या हातानं पट्टा आवळून धरायचो आणि दातावर दात ठेवून आकड्याकडं बघत बसायचो. १६०. १६४. १५६. गोळी चालू असून.

त्यात हे मशीन बोलतं. हिंदीतून. एका रात्री पावणेबाराला छातीत जरा चमक आली, उठून पट्टा बांधला. १५८. परत. १६३. परत. १७१. दर वेळी ती बाई शांत आवाजात आकडा सांगायची आणि आतल्या खोलीतनं आई विचारायची, "आरं कोण आलंय?" आठ वेळा बघितलं त्या रात्री. आवाज बंद करायचं बटण मागं सेलच्या झाकणाजवळ आहे हे मला तीन आठवड्यांनी कळलं. (यासाठी अर्धा गुण कमी.)

महिन्यानं मशीनच घेऊन या असं सांगितलं होतं, नेलं. त्यात जुने ६० आकडे वेळेसकट साठतात. मॅडम बटण दाबत मागं मागं जात राहिल्या. पावणेबारा, बारा कमी दहा, बारा कमी सात. मला कुणीतरी चोरीची वही वाचतंय असं झालं. "तुम्ही दुधाचं झाकण सारखं काढून बघताय," म्हणाल्या, "अशानं दूध लवकर तापत नाही, तुम्ही मात्र तापताय." मग टेपानं दंड मोजला. ३६ सेंटिमीटर. माझ्या पट्ट्याच्या कडेला बारीक अक्षरात छापलंय, २२ ते ३२. महिनाभर हातात घेत होतो, एकदाही वाचलं नव्हतं. त्यांनी त्यांचा मोठा पट्टा बांधला, १३८/८६. लगेच माझा बांधून बघितला, १५४/९६. जाड दंडाला आखूड पट्टा असला की दाब नीट पोचत नाही, हवा जास्त लागते आणि आकडा फुगतो. म्हणजे गोळी तिचं काम करत होती. तालमीत कमावलेला दंड नडत होता.

३२ ते ४२ चा पट्टा त्या दुकानात नव्हताच. ऑनलाईन मागवला, ८५० रुपये. एक सांगतो, पट्टा त्याच कंपनीचा आणि आपल्या मशीनला चालतो म्हणून लिहिलेलाच घ्या. मनगटावरचं मशीन स्वस्त पडतं, पण मॅडमनी त्याला नको म्हटलं, कारण हात छातीच्या पातळीवरनं जरा खाली-वर झाला की आकडा बदलतो.

बघायची पद्धत मला त्या दिवशी शिकवली, तोवर मी चुकीचंच बघत होतो. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकतात. मशीन ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेला नाडीचे जे हेलकावे बसतात ते मोजून आकडा काढतं. त्यामुळं बोललं, हात हलला, शर्टाची बाही वर सरकवून तिचाच पीळ दंडाला बसला की गणित चुकतं. लघवी करून यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप बसायचं, उघड्या दंडाला पट्टा बांधायचा, हात टेबलावर छातीच्या पातळीला. चहा, मावा, जिने चढणं, यानंतर अर्धा तास नाही. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मधे मिनिटभर सोडून. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे टाकून द्यायचे, राहिलेल्या २४ ची सरासरी. हे मला आवडलं, कारण हे हिशेबाचं काम आहे. एका पट्टीवरनं हळदीचा भाव ठरत नाही, तसं आहे. घरची सरासरी १३५/८५ च्या खाली पाहिजे. दवाखान्यात १४०/९० धरतात, घरी जरा कमीच धरायचं. माझी गेल्या खेपेची १२८/८२.

मशीन म्हणून पाचपैकी साडेतीन. चार पेन्सिल सेलवर तीन-चार महिने जातं. अडॅप्टर वेगळा विकतात, ही कंजुषी आहे. पडदा मोठा, अण्णांना चष्म्याशिवाय दिसतो. मापाचा पट्टा खोक्यातच मिळाला असता तर चार दिले असते.

ज्या कामासाठी मी ते रात्री पावणेबाराला काढत होतो, त्या कामाचं मात्र ते नाही. छातीत दुखत असताना बीपी १२० आलं म्हणजे हृदय ठीक आहे असं नसतं. ते ईसीजी आणि रक्ताची तपासणीच सांगणार. छातीवर दगड ठेवल्यासारखं आवळलं, दुखणं हातात नाहीतर जबड्यात गेलं, घाम सुटला, दम लागला, तर मशीनला हात लावायचा नाही, १०८ ला फोन लावायचा, असं मला मॅडमनी दोनदा वदवून घेतलंय. आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि बरोबर छातीत दुखणं, धाप, अंधारी किंवा बोबडी वळणं असलं काही असलं तरी तेच. नुसता आकडाच वर असेल तर पाच मिनिटं गप बसून परत बघायचं, तरी तेवढाच असेल तर डॉक्टरांना फोन. माझी बरगडी अजून थंडीत टोचते. दाबून बघतो, दुखलं की उलट बरं वाटतं. याची सवय लावून घेऊ नका असंही मॅडम म्हणाल्यात.

मशीन आता आईच्या ताब्यात असतं, तिच्या ट्रंकेत, साड्यांखाली. आठवडा ठरला की काढून देते, झाला की आत. भडंग आणि पापडाचा डबापण तिनं तिथंच ठेवलाय, मिठामुळं.

मागच्या रविवारी मी म्हटलं, आता काढलंयस तर तुझंपण बघू. मोठा पट्टा तिच्या दंडाला ढगळ झाला. मग तो खोक्यातला जुना आखूड पट्टा शोधून काढला, तो तिला असा बसला की जणू तिचंच माप घेऊन शिवलाय. पाच मिनिटं बसवली, दोनदा बघितलं. १६४/९२, १६२/९०. परवा सकाळी परत, तेवढंच.

"पैलवानाचं मशीन," म्हणाली, "मला कसं लागू पडंल?" आणि पट्टा सोडून ट्रंकेकडं निघाली. गुरुवारी मॅडमची वेळ घेतलीय. तिला अजून सांगितलेलं नाही.